दोन गुंठ्यांच्या चौरसाची बाजू : आठवीतील मुलांना वर्गमूळ आणि अपरिमेय संख्या कशा समजावून द्याव्यात

मिरज तालुक्यातील एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी आठवीत शिकते. पूर्ण वर्ग संख्यांची वर्गमूळे ती अवयव पाडून बिनचूक काढते. परंतु √२ ही अपरिमेय संख्या आहे म्हणजे नेमके काय, असे विचारले की "तिचे दशांश रूप संपत नाही" एवढेच उत्तर देते. १/३ चे दशांश रूपही संपत नाही, मग ती संख्या परिमेय कशी, या प्रश्नावर ती अडते. शिवाय कॅल्क्युलेटरवर √२ काढून दाखवते आणि इथे तर आकडे संपले, असे म्हणते. हे तिला घरी कसे समजावून द्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील माध्यमिक शाळांत गणित शिकवताना हा प्रश्न माझ्यासमोर जवळजवळ प्रत्येक वर्षी आला आहे. आपल्या मुलीच्या दोन्ही शंका रास्त आहेत, हे मी प्रथम सांगतो. न संपणारे दशांश रूप हा अपरिमेय संख्येचा परिणाम आहे, तिची व्याख्या नव्हे. व्याख्या एवढीच, की ती संख्या कोणत्याही दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकाने, म्हणजे अंश आणि छेद अशा रूपात, तंतोतंत लिहिता येत नाही; जी तशी लिहिता येते ती परिमेय. मुलांच्या हाती आधी परिणाम पडतो आणि मूळ कारण मागे राहते, म्हणून त्यांचा गोंधळ होतो. माझ्या मते आधी लांबी, मग अपूर्णांक आणि अगदी शेवटी दशांश रूप, असा क्रम ठेवला तर हा विषय आठवीच्या मुलांना पूर्णपणे पेलतो.

लांबीपासून सुरुवात करताना आपल्या भागातील मुलांना जमिनीचे माप फार उपयोगी पडते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असले तरी घरात आणि बांधावर बोलणे गुंठ्यातच होते, आणि गुंठा हे माप मुळातच एक चौरस आहे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे १ गुंठा, म्हणजेच १०८९ चौरस फूट. त्यामुळे १०८९ चे वर्गमूळ ३३ हे वाक्य मुलांना कोरडे वाटत नाही. एक गुंठ्याच्या चौरस जागेची बाजू किती, या प्रश्नाचे ते उत्तर असते. वर्गमूळ म्हणजे क्षेत्रफळ माहीत असलेल्या चौरसाची बाजू, ही कल्पना एकदा पक्की झाली की √१६ चे उत्तर ८ लिहिणारी, म्हणजे वर्गमूळ काढण्याऐवजी संख्या निम्मी करणारी मुलेही आपण होऊन सावरतात.

आता मुलीला विचारावे, की जागा चौरसच ठेवून ती दोन गुंठ्यांची करायची असेल तर बाजू किती फूट घ्यावी. बहुतेक मुले ६६ म्हणतात. ते चूक आहे असे लगेच सांगू नये. गणिताच्या चौकटीच्या वहीत ६६ फुटांचा चौरस काढायला सांगावा. त्यात एक-एक गुंठ्याचे चार चौरस बसतात, म्हणजे बाजू दुप्पट केल्यावर जागा चौपट झाली, हे तिला स्वतःलाच दिसते. त्यानंतर मोठ्या चौरसाच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडायला सांगावेत. आत तिरका बसलेला एक चौरस तयार होतो. त्याची प्रत्येक बाजू एकेका गुंठ्याला कर्णावर दुभागते, म्हणजे चारही गुंठ्यांतील निम्मी निम्मी जागा या तिरक्या चौरसात येते आणि त्याचे क्षेत्रफळ बरोबर २ गुंठे भरते. तेव्हा दोन गुंठ्यांच्या चौरसाची बाजू ही एक गुंठ्याच्या चौरसाचा कर्ण असते. बौधायनाच्या शुल्बसूत्रात हेच सांगितले आहे, की चौरसाच्या कर्णावर ताणलेली दोरी दुप्पट क्षेत्र देते. यज्ञवेदी आखणाऱ्यांना ते रोजच्या कामासाठी लागत होते.

या आकृतीवर मी थोडा जास्त वेळ देतो, कारण तिच्यामुळे पुढची एक मोठी अडचण आधीच दूर होते. √२ ही काहीतरी अंदाजे, अर्धवट संख्या आहे असा मुलांचा समज होतो. या आकृतीतील कर्ण मात्र अंदाजे नाही. त्याची दोन्ही टोके ठरलेली आहेत, त्यावर दोरी ताणता येते, त्यावरून चालता येते. लांबी नेमकी आहे; आपण अंकांत लिहिलेली तिची किंमत तेवढी अंदाजे असते. संख्यारेषेवर √२ दाखवताना आपण कर्णाएवढे अंतर कंपासमध्ये घेऊन शून्यापासून कंस काढतो, तेव्हा तो कंस संख्यारेषेला ज्या बिंदूत छेदतो तो बिंदू १ किंवा २ या बिंदूंइतकाच निश्चित असतो.

ती लांबी फुटांत किती येईल, हे आता शोधायचे. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवावा आणि गुणाकार करावेत. ४६ चा वर्ग २११६ आणि ४७ चा वर्ग २२०९. आपल्याला १०८९ ची दुप्पट, म्हणजे २१७८ हवे आहेत, म्हणून बाजू या दोहोंच्या मध्ये आहे. ४६.६ चा वर्ग २१७१.५६ येतो, ४६.७ चा २१८०.८९. पुढे ४६.६६ चा वर्ग २१७७.१५५६ आणि ४६.६७ चा २१७८.०८८९. दर पायरीला बाजू दोन संख्यांच्या कात्रीत सापडते आणि कात्री आवळत जाते. भागाकार पद्धतीने हेच उत्तर लवकर मिळते, पण त्या पद्धतीत मुलगी काय करते आहे हे तिचे तिलाच दिसत नसते, म्हणून माझ्या मते ती पद्धत या अंदाजानंतर शिकवावी. बांधकामाला ४६ फूट ८ इंच हे माप पुरेसे आहे. गणिताचा प्रश्न त्यापुढचा आहे: ही कात्री कधीतरी पूर्ण मिटेल का? एखादा अपूर्णांक असा सापडेल का, ज्याचा वर्ग बरोबर २ भरेल?

इथे अपूर्णांकांकडे वळावे, आणि हाच माझ्या उत्तराचा मुख्य भाग आहे. ३३ फुटांऐवजी बाजू १ धरू, म्हणजे कर्ण √२. एखादा अपूर्णांक √२ एवढा असेल तर त्याच्या अंशाचा वर्ग हा छेदाच्या वर्गाच्या दुप्पट असला पाहिजे. ७/५ घेऊन पाहा. ७ चा वर्ग ४९, आणि ५ च्या वर्गाची दुप्पट ५०. फक्त एकाचा फरक. १७/१२ घ्या: २८९ आणि २८८, पुन्हा एकाचाच फरक, पण या वेळी उलट बाजूने. ४१/२९ घेतला तर १६८१ आणि १६८२. हे अपूर्णांक कुठून आणले, असे मुलगी विचारील. तेव्हा तिला कृती सांगावी. जुना अंश आणि जुना छेद यांची बेरीज हा नवा छेद, आणि जुन्या अंशात जुन्या छेदाची दुप्पट मिळवली की नवा अंश. ७/५ वरून १७/१२, त्यावरून ४१/२९, त्यावरून ९९/७०, मग २३९/१६९, मग ५७७/४०८. प्रत्येक वेळी तिने वर्ग करून पडताळावे. फरक नेहमी एकाचाच राहतो. मुलीला दोन पदांच्या बेरजेच्या वर्गाचे सूत्र येत असेल तर तो तसाच का राहतो, हे ती स्वतः विस्तार करून दाखवू शकेल.

यातील दोन अपूर्णांकांपाशी मी मुलांना थांबवतो. घरात झेरॉक्सचा ए-४ आकाराचा कागद असेल तर तो मोजावा: २९७ मिलिमीटर लांब, २१० मिलिमीटर रुंद. दोन्ही संख्यांना ३ ने भागले की ९९/७० मिळते. हा कागद मध्ये दुमडला की ए-५ कागद होतो आणि लांबी-रुंदीचे गुणोत्तर तेच राहते. मध्ये दुमडूनही गुणोत्तर न बदलणारा आयत हवा असेल तर ते गुणोत्तर √२ च असावे लागते, म्हणून हा कागद बनवताना √२ च्या अगदी जवळचा अपूर्णांक निवडलेला आहे. ९९ चा वर्ग ९८०१ आणि ७० च्या वर्गाची दुप्पट ९८००. दुसरा अपूर्णांक ५७७/४०८. शुल्बसूत्रात √२ ची किंमत अशी दिली आहे: १ मध्ये त्याचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा, आणि त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करावा. मुलीला ही बेरीज-वजाबाकी करू द्यावी. उत्तर ५७७/४०८ येते, आणि त्याची पहिली पाच दशांश स्थळे √२ शी जुळतात. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. इतक्या बारकाईने काढलेली किंमतही एकाने चुकते.

एवढे झाले की मुलगी आपण होऊन विचारते, की हा १ चा फरक कधी शून्य होणारच नाही का. प्रश्न तिच्या तोंडून येईपर्यंत थांबावे, कारण सिद्धतेची गरज तिला आता वाटू लागलेली असते.

आठवीच्या मुलांसाठी मला सर्वांत सोपी वाटते ती शेवटच्या अंकाची युक्ती. कोणत्याही पूर्ण वर्ग संख्येच्या एककस्थानी ०, १, ४, ५, ६ किंवा ९ यांपैकीच अंक असतो. २, ३, ७ किंवा ८ कधीही नसतो. हे मुलांना पाठच असते. या वर्गांची दुप्पट केली तर एककस्थानी ०, २ किंवा ८ एवढेच अंक येऊ शकतात. आता √२ एवढा अपूर्णांक आहे असे धरू आणि तो अतिसंक्षिप्त रूपात घेऊ. अंशाचा वर्ग आणि छेदाच्या वर्गाची दुप्पट या दोन संख्या समान व्हायच्या असतील तर त्यांचा शेवटचा अंक सारखा हवा, आणि दोन्ही याद्यांत सामाईक अंक फक्त ० आहे. अंशाच्या वर्गाच्या शेवटी ० असेल तर अंशाच्या शेवटीही ० च असतो. छेदाच्या वर्गाच्या दुपटीच्या शेवटी ० असेल तर छेदाच्या शेवटी ० किंवा ५ असतो. म्हणजे अंश आणि छेद या दोघांनाही ५ ने नि:शेष भाग जातो. पण आपण अपूर्णांक आधीच अतिसंक्षिप्त रूपात घेतला होता, त्यात दोघांना १ सोडून सामाईक विभाजक उरलेलाच नव्हता. ही विसंगती टाळता येत नाही, म्हणून असा अपूर्णांक नाहीच. तो अजून सापडलेला नाही असे नाही. तो असूच शकत नाही. या दोन विधानांतील फरक मुलीला स्वतःच्या शब्दांत सांगता आला, तर तिला अपरिमेय संख्या कळली असे मी मानतो.

दुसरी वाट मूळ अवयवांची आहे, आणि ती जास्त दूर नेते. कोणत्याही पूर्ण वर्ग संख्येचे मूळ अवयव पाडले तर प्रत्येक अवयव सम वेळा येतो; याच गुणधर्मावर अवयव पद्धतीने वर्गमूळ काढतात, म्हणून तो मुलीच्या परिचयाचा आहे. अंशाच्या वर्गात २ हा अवयव सम वेळा येणार, आणि छेदाच्या वर्गाच्या दुपटीत तो विषम वेळा येणार. एकाच संख्येचे मूळ अवयव दोन वेगळ्या प्रकारे पडत नाहीत, म्हणून या दोन संख्या समान होऊ शकत नाहीत. याच युक्तिवादाने एक व्यापक गोष्ट मिळते: कोणत्याही नैसर्गिक संख्येचे वर्गमूळ एक तर पूर्णांक असते, नाही तर अपरिमेय, मधला अपूर्णांकाचा प्रकार तिथे नाही. १ ते १०० या संख्यांपैकी १० पूर्ण वर्ग सोडले तर उरलेल्या ९० संख्यांची वर्गमूळे अपरिमेय आहेत. मुले या संख्येने चकित होतात, कारण अपरिमेय संख्या म्हणजे एखाददुसरा अपवाद असे त्यांना वाटत असते.

आता दशांश रूपाकडे येऊ, म्हणजे १/३ ची शंका सुटेल. १ ला ७ ने भागायला सांगावे आणि प्रत्येक पायरीची बाकी बाजूला लिहायला सांगावी: ३, २, ६, ४, ५, १. भाजक ७ असल्यावर शून्य सोडून बाक्या सहाच असू शकतात. त्या संपल्या की जुनी बाकी परत येणारच, आणि बाकी परत आली की भागाकाराचे अंकही त्याच क्रमाने परत येतात. म्हणून १/७ म्हणजे ०.१४२८५७ हा गट अखंड पुन्हा पुन्हा. कोणताही अपूर्णांक घेतला तरी बाक्यांची संख्या मर्यादितच असते, म्हणून त्याचे दशांश रूप एक तर खंडित होते, म्हणजे संपते, नाही तर आवर्ती, म्हणजे तोच गट पुन्हा पुन्हा येणारे होते. उलट बाजूने, प्रत्येक खंडित किंवा आवर्ती दशांशाचे अपूर्णांकात रूपांतर करता येते. √२ हा अपूर्णांकच नाही, हे आपण आधी दाखवले. तेव्हा त्याचे दशांश रूप खंडितही नसणार आणि आवर्तीही नसणार. दशांश रूपाविषयीचे विधान असे सिद्धतेतून येते, आकडे बघून येत नाही.

कॅल्क्युलेटरवरची शंका याच ठिकाणी मिटते. त्याच्या पडद्यावर ८ किंवा १२ अंक मावतात, तेवढे दाखवून तो थांबतो. √२ तिथे संपत नाही. त्या १२ अंकांना त्याच १२ अंकांनी वहीवर गुणून पाहिले तर गुणाकार बरोबर २ येत नाही. याच्या उलट एक उदाहरणही मुलीला द्यावे. १ ला १७ ने भागले तर ०.०५८८२३५२९४११७६४७ या १६ अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो. १२ अंकांच्या पडद्यावर त्यात काहीच पुनरावृत्ती दिसत नाही, आणि तरीही ती संख्या परिमेय आहे. पडद्यावरील अंकांवरून संख्या परिमेय की अपरिमेय हे ठरवता येत नाही, हे या दोन उदाहरणांनी पुरेसे स्पष्ट होते. तसेच ०.१०१००१०००१… अशा संख्येत क्रम दिसतो, पण ठरावीक गट पुन्हा येत नाही, कारण दर वेळी एक शून्य वाढते. म्हणून ती अपरिमेय आहे.

π चा घोटाळाही इथेच निस्तरावा. २२/७ हा अपूर्णांक आहे, म्हणून परिमेय. π अपरिमेय आहे. दोन्ही समान असणे शक्यच नाही. आर्यभटांनी २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगताना ही किंमत आसन्न, म्हणजे जवळची, आहे असे स्पष्ट म्हटले आहे. π अपरिमेय असल्याची सिद्धता मात्र बरीच नंतर, १७६० च्या दशकात गणिती लांबर्ट यांनी दिली, आणि ती शालेय गणितात बसणारी नाही. मुलीला तसे सरळ सांगावे.

परीक्षेत गुण घालवणाऱ्या काही चुका थोडक्यात सांगतो. √(९+१६) चे उत्तर ३+४ म्हणजे ७ लिहिले जाते. चौरसाच्या भाषेत पाहिले तर २५ क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू ५ आहे, ७ नव्हे. गवंडी पाया आखताना काटकोनासाठी ३, ४ आणि ५ ही मापे घेतात ती याच कारणाने. √०.९ हे ०.३ नाही, ०.३ चा वर्ग ०.०९ येतो. √०.०४ परिमेय आहे, √०.४ अपरिमेय. √९ वर वर्गमूळाचे चिन्ह असले तरी ती संख्या ३ च आहे, म्हणून चिन्ह पाहून अपरिमेय म्हणू नये. √२५ ची किंमत फक्त ५. परंतु कोणत्या संख्येचा वर्ग २५ असतो, असे विचारले तर ५ आणि −५ ही दोन उत्तरे द्यावीत. दोन अपरिमेय संख्यांचा गुणाकार अपरिमेयच येईल असे नाही: √२ आणि √८ यांचा गुणाकार ४ आहे.

हे सर्व एका बैठकीत उरकू नये. गुंठ्याची आकृती आणि कात्री एका दिवशी, अपूर्णांकांची साखळी दुसऱ्या दिवशी, आणि सिद्धता तिने प्रश्न विचारल्यावर, असे केले तर ताण येत नाही. नववीच्या वास्तव संख्या या प्रकरणात √२ ची अप्रत्यक्ष सिद्धता तिला पुन्हा भेटेल; त्या वेळी सम-विषमाची ती मांडणी ओळखीची वाटेल, कारण विसंगतीपर्यंत नेऊन सोडणारा युक्तिवाद तिने आधी पाहिलेला असेल.

शेवटी तिला स्वतः करायला तीन गोष्टी द्याव्यात. तीन गुंठ्यांच्या चौरसाची बाजू दोन दशांश स्थळांपर्यंत शोधायची, उत्तर ५७.१६ फूट यायला हवे. मग शेवटच्या अंकाची युक्ती √३, √७ आणि √८ यांना लावून पाहायची. तिन्ही ठिकाणी ती लागू पडते. त्यानंतर तीच युक्ती √६ ला लावायची. तिथे सामाईक अंक ०, ४ आणि ६ असे तीन निघतात आणि विसंगती मिळत नाही. √४ ला लावली तरी याद्या नेमक्या अशाच येतात, पण √४ पूर्णांक आहे आणि √६ अपरिमेय. मग √६ साठी कोणती वाट धरावी लागेल आणि तीच वाट √४ पाशी का अडते, हे तिने मूळ अवयव मोजून आपल्याला समजावून द्यावे.